विश्लेषण : ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’मधले ड्रॅगन म्हणजे अण्वस्त्रे आहेत का? मग किल्ले कशाचे प्रतीक?

परीकथेत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. उंच किल्ला, त्यात कोंडलेली राजकन्या आणि दारावर पहारा देणारा ड्रॅगन. राजपुत्र येतो, ड्रॅगनला मारतो आणि राजकन्येला घोड्यावर बसवून घेऊन जातो. एचबीओच्या ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ने याच तीन गोष्टी उचलल्या आणि त्यांच्या जागा बदलून टाकल्या. इथे राजकन्या स्वतःच ड्रॅगनवर बसते, किल्ला तिच्या मालकीचा असतो आणि राजपुत्र हा तिचा सोडवणारा नसून प्रतिस्पर्धी असतो. ही मालिका नुसती आग ओकणाऱ्या प्राण्यांची करमणूक म्हणून पाहता येतेच. पण क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि हवाई सुरक्षा कवच हे शब्द रोजच्या बातम्यांत येत असताना तिच्यातल्या किल्ल्यांकडे आणि ड्रॅगनकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले, तर बरेच काही हाती लागते. (मालिकेचे पहिले दोन सीझन आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेले नसतील, तर पुढे कथानक उघड होणार आहे.)

मालिकेची गोष्ट थोडक्यात काय?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या २०१८ मधील ‘फायर अँड ब्लड’ या पुस्तकावर ही मालिका बेतलेली आहे. पहिला सीझन ऑगस्ट २०२२ मध्ये, दुसरा जून २०२४ मध्ये आला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या नायिकेच्या, म्हणजे डनेरिसच्या जन्माआधी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा काळ. राजा व्हिसेरिस आपली मुलगी रेनीराला वारस नेमतो आणि सरदारांकडून तशी शपथ घेतो. राजा मरतो आणि दुसऱ्या राणीचा मुलगा एगॉन याला घाईघाईने राज्याभिषेक होतो. एकाच घराण्याच्या दोन शाखा, दोघांकडेही ड्रॅगन. बाकी सगळे यातूनच घडते.

ड्रॅगन म्हणजे अण्वस्त्र, हे कोणी म्हटले?

खुद्द लेखकाने. २०११ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ नुकतीच सुरू झाली असताना मार्टिन यांनी एका मुलाखतीत ड्रॅगनची तुलना अण्वस्त्रांच्या धाकाशी केली होती. त्यांचा मुद्दा असा की, ड्रॅगन फक्त डनेरिसकडे आहेत म्हणून ती जगातली सर्वांत बलाढ्य व्यक्ती ठरते, पण तेवढे पुरेसे आहे का? उद्ध्वस्त करण्याची ताकद हातात असली म्हणून काही उभारण्याची किंवा सुधारण्याची ताकद आपोआप येत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात मार्टिन यांनी सदसद्विवेकबुद्धीचे कारण देऊन लष्करी सेवेला नकार दिला होता, हे लक्षात घेतले की ही तुलना त्यांना सहज सुचलेली नाही हे कळते.

आधीच्या मालिकेत हा प्रश्न अगदी घरगुती पातळीवर येतो. २०१४ च्या सीझनमध्ये एक गरीब बाप डनेरिसच्या दरबारात कापडात गुंडाळलेली मुलीची जळालेली हाडे घेऊन येतो. तिच्या ड्रॅगनने मारलेली. गुलामांना मुक्त करणारी ही राणी त्या रात्री आपल्या उरलेल्या दोन ड्रॅगनना तळघरात साखळदंडाने बांधते. तिसरा तिच्या हाती लागलेलाच नसतो. पाच वर्षांनी, १२ मे २०१९ रोजी प्रसारित झालेल्या भागात, त्याच तिसऱ्या ड्रॅगनवर बसून ती शरणागतीच्या घंटा वाजून गेलेले शहर जाळते. आकाशातून राख पडत राहते. हिरोशिमा किंवा ड्रेस्डेनची छायाचित्रे पाहिलेल्या माणसाला ती राख ओळखू येते.

मात्र त्या मालिकेत ड्रॅगन बहुतेक काळ एकाच बाजूला होते. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’मध्ये दोन्ही बाजूंना आहेत. म्हणजे पहिली मालिका १९४५ ची असेल, तर दुसरी शीतयुद्धाची. तिच्या पहिल्या सीझनमध्ये कोणालाच ड्रॅगन वापरायचे नसतात, आणि सगळे जण ते वापरण्याची तयारी करत असतात. लाकडी पटावर सोंगट्या मांडून आपल्याकडे किती, त्यांच्याकडे किती, त्यातले प्रत्यक्ष उडवणारे स्वार किती, असा हिशेब चालतो. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेचे दरवर्षीचे तक्ते असेच असतात. जानेवारी २०२५ मध्ये जगात सुमारे १२ हजार २४१ अण्वस्त्रे होती, असा त्यांचा अंदाज आहे आणि त्यातली जवळपास ९० टक्के अमेरिका व रशियाकडे. या दोघांच्या तैनात अस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती.

व्हेगारने ऐकले नाही तेव्हा काय झाले?

माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात आहे. किशोरवयीन ल्युसेरिस आपल्या लहानग्या ड्रॅगनवर बसून वादळात परतत असतो. त्याचा सावत्र मामा एमंड, व्हेगार नावाच्या प्रचंड आणि म्हाताऱ्या ड्रॅगनवर बसून त्याचा पाठलाग करतो. जुन्या भांडणाचा वचपा म्हणून पोराला घाबरवावे, इतकाच त्याचा विचार. घाबरलेला लहान ड्रॅगन स्वाराचा हुकूम मोडून व्हेगारच्या तोंडावर आग फेकतो. चिडलेली व्हेगार आपल्या स्वाराचा हुकूम मोडते. एमंड ओरडत राहतो, पण पुढच्या क्षणी मुलगा आणि ड्रॅगन दोघांच्या चिंधड्या उडालेल्या असतात.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे, तर ऑपरेटर आज्ञा देतो आहे आणि यंत्रणा ती घेत नाही. त्यातही इथे दोन यंत्रणा एकमेकींना चिथावतात. पुस्तकात हा प्रसंग असा चुकून घडलेला नाही. मालिकावाल्यांनी तो बदलला, आणि हा बदल फार विचारपूर्वक केलेला आहे. ज्या युद्धात पुढे हजारो लोक मरणार, त्याची ठिणगी कोणाच्या निर्णयाने पडत नाही, ती धाकदपटशाच्या खेळात पडते.

हे काल्पनिक वाटत असेल तर आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मियां चन्नू इथे जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कोणी दगावले नाही. भारताने खेद व्यक्त केला, चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. दोन अण्वस्त्रधारी देशांमधली ही घटना दोन-तीन दिवसांत बातम्यांच्या मथळ्यांतून उतरली. त्याआधी २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला होता. ड्युटीवरचे अधिकारी स्टानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांनी तो खोटा असल्याचे मानले, आणि तो खोटाच निघाला. मालिकेत पेत्रोव्हच्या जागी जखमेचा राग डोक्यात घेतलेला एक तरुण राजपुत्र बसलेला आहे, इतकाच फरक.

ही तुलना कुठपर्यंत ताणायची?

फार नाही. अण्वस्त्राला भूक लागत नाही, ते म्हातारे होत नाही आणि रुसत तर अजिबात नाही. ड्रॅगन हे सगळे करतो. शिवाय ड्रॅगनवर बसण्याचा हक्क रक्ताने मिळतो, असे टारगेरियन घराणे सांगत आले आहे. इथे ड्रॅगन हे शस्त्रापेक्षा घराणेशाहीचे प्रमाणपत्र जास्त आहे. म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये स्वार कमी पडतात तेव्हा रेनीरा जे करते ते शत्रूपेक्षा तिच्याच लोकांना जास्त खुपते. ती घराण्याच्या अनौरस संततीला, म्हणजे लोहारकाम करणाऱ्या, दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्या माणसांना बोलावते आणि ड्रॅगनपुढे उभे करते. त्यातले बरेच जळून मरतात. दोघे तगतात. एका रात्रीत तिची ताकद वाढते, पण ‘आमच्या रक्तातच काही वेगळे आहे’ हा दावा तिनेच मोडीत काढलेला असतो.

मग किल्ल्यांचे काय?

प्रेक्षकांच्या चर्चेत सगळा भाव ड्रॅगन खाऊन जातात. पण किल्ला नसेल तर ड्रॅगनचा अर्थच लागत नाही. आधी शब्दाचा घोळ मिटवू. युरोपातला ‘कॅसल’ म्हणजे आपला राजगड किंवा सिंधुदुर्ग नव्हे. तो एका सरदाराचे तटबंदीचे घर असतो. आसपासची जमीन, तिथली कुळे आणि धान्याचे कोठार यांच्यावरची मालकी दगडात बांधून दाखवलेली. मराठवाड्यात किंवा विदर्भात देशमुखांची गढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना पटकन कळेल.

मार्टिन यांच्या जगातला सर्वांत मोठा किल्ला आहे हॅरनहॉल. हॅरन नावाच्या राजाने तो चाळीस वर्षे बांधला, त्यासाठी राज्य पिळून काढले. काम पूर्ण झाले त्याच दिवशी पहिला एगॉन आपले तीन ड्रॅगन घेऊन किनाऱ्यावर उतरला. किल्ल्याच्या भिंती कोणत्याही सैन्याला दाद देणाऱ्या नव्हत्या, पण त्या जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी उंच केलेल्या होत्या. ड्रॅगन वरून आला. हॅरन पोराबाळांसह आत भाजून निघाला आणि पाचही बुरूज मेणबत्तीसारखे वितळले. मालिकेत दिसणारा हॅरनहॉल हाच, वाकडा आणि गळका. दुसऱ्या सीझनमध्ये डेमन तो एकटा जाऊन ताब्यात घेतो आणि पुढे कित्येक भाग तिथे भुतांशी बोलत बसतो. अनेकांना हे भाग रटाळ वाटले. मला ते हॅरनहॉलला शोभणारे वाटले, कारण जिंकण्यासारखे तिथे काही उरलेलेच नाही.

खऱ्या इतिहासात ड्रॅगनची ही भूमिका तोफेने केली. कॉन्स्टँटिनोपलच्या तटबंदीने सुमारे हजार वर्षे शहर राखले होते. १४५३ मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याने ऑर्बन नावाच्या हंगेरियन ओतारीकडून अजस्र तोफा ओतून घेतल्या. ६ एप्रिलला सुरू झालेला वेढा २९ मे रोजी संपला. त्यानंतर युरोपात उंच, सरळ भिंतींचे किल्ले बांधणे हळूहळू बंद झाले आणि बुटके, जाड, ताऱ्याच्या आकाराचे कोट आले.

ज्या यादवीवरून गोष्ट घेतली, तिथे किल्ले काय करत होते?

मार्टिन यांच्या कथेचे मूळ बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहे. १२० साली नव्हे, ११२० साली ‘व्हाइट शिप’ बुडाली आणि पहिल्या हेन्री राजाचा एकुलता औरस मुलगा गेला. हेन्रीने मुलगी मटिल्डाला वारस नेमले, सरदारांना शपथ दिली. ११३५ मध्ये तो मेला आणि शपथ घेतलेल्यांपैकीच एक, त्याचा भाचा स्टीफन, धावत जाऊन राजा झाला. पुढची जवळपास दोन दशके इंग्लंडमध्ये जे चालले त्याला इतिहासात ‘द अनार्की’ म्हणतात.

या काळात ड्रॅगन नव्हते, पण किल्ले होते आणि तेच आग ओकत होते. राजाची परवानगी न घेता सरदारांनी जागोजागी किल्ले उभारले. पीटरबरोच्या मठातल्या भिक्षूने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे की, गोरगरिबांकडून वेठबिगारीने हे किल्ले बांधून घेतले आणि बांधून झाल्यावर त्यांत सैतान भरले. ज्यांच्याकडे काही पैसा असल्याचा संशय येई त्यांना आत नेऊन छळले जाई. किल्ला म्हणजे संरक्षण, ही आपली सवयीची समजूत. त्या भिक्षूच्या शेतकऱ्यांना किल्ल्याच्या आत कोण आहे, यावर सगळे अवलंबून होते. ११५३ मध्ये तह झाला तेव्हा बेकायदा किल्ले पाडणे ही त्यातली एक मुख्य बाब होती. आजच्या शस्त्रकपात करारासारखीच.

आणि मटिल्डा? डिसेंबर ११४२ मध्ये ऑक्सफर्डच्या किल्ल्यात ती अडकली होती. पांढरी वस्त्रे घालून, बर्फातून, गोठलेली नदी पायी ओलांडून ती रात्रीतून निसटली. किल्ल्यात कोंडलेली राजकन्या, पण तिला सोडवायला कोणी आले नाही. ती कधी मुकुट घालू शकली नाही. तिचा मुलगा मात्र ११५४ मध्ये दुसरा हेन्री म्हणून गादीवर बसला.

किल्ला आणि ड्रॅगन एकत्र कुठे भेटतात?

वेल्समध्ये. नवव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात ही आख्यायिका आहे. व्होर्टिगर्न नावाचा राजा डोंगरावर किल्ला बांधायला घेतो, पण जमवलेले सामान रोज रात्री नाहीसे होते. पुढच्या शतकांत सांगितलेल्या रूपात रचलेल्या भिंती कोसळतात. शेवटी एक मुलगा सांगतो की, पायाखाली तळे आहे आणि त्यात एक लाल व एक पांढरा असे दोन सर्प झुंजत आहेत. लाल म्हणजे इथले मूळ लोक, पांढरा म्हणजे आलेले सॅक्सन. पाया खचतो आहे कारण खालचा झगडा मिटलेला नाही, इतका साफ राजकीय अर्थ त्या काळीच लावलेला होता. तेच सर्प पुढे ड्रॅगन झाले.

तेराव्या शतकात इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकले आणि कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक असे किल्ले ठोकले. वेल्सने लाल ड्रॅगन जपला. १९५९ मध्ये तो अधिकृत ध्वजावर आला, पण ब्रिटनच्या ‘युनियन जॅक’वर त्याला आजही जागा नाही. १९६९ मध्ये आताचे राजे चार्ल्स यांना ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ करण्याचा सोहळा कार्नार्व्हनच्याच किल्ल्यात झाला तेव्हा वेल्समध्ये निदर्शने झाली होती. टारगेरियन घराण्याच्या ध्वजावरचा ड्रॅगनही लालच आहे. फरक असा की, तिथे तो जेत्यांचा आहे.

परीकथेतला तो पांढरा किल्ला कुठून आला?

डिस्नेच्या लोगोमुळे डोक्यात बसलेला निमुळत्या मनोऱ्यांचा किल्ला मध्ययुगातला नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या, १९५५ च्या किल्ल्याची प्रेरणा म्हणजे बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन. राजा दुसरा लुडविग याने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला. त्याचे आराखडे नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या ख्रिश्चन यांक याने काढले होते. तोफांच्या जमान्यात त्याचा लढाईला काडीचा उपयोग नव्हता. १८६६ च्या युद्धात प्रशियाकडून हरल्यानंतर लुडविगच्या हाती खरी सत्ता फारशी उरली नव्हती. जे राज्य नव्हते ते त्याने दगडात बांधले. १८८६ मध्ये तो मेला आणि काही आठवड्यांत किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली, तिच्यात रायगड, प्रतापगड, साल्हेरसह १२ मराठा किल्ले यादीत गेले. आपल्याकडे जल्लोष झाला. त्याच बैठकीत नॉयश्वानस्टाइनही यादीत गेला. एकीकडे डोंगराची कडेकपार हीच तटबंदी मानून लढण्यासाठी बांधलेले गड आणि दुसरीकडे नाटकाच्या नेपथ्यकाराने रंगवलेला महाल. परीकथांनी दुसऱ्याला निवडले, हेही स्वाभाविकच.

आजचे किल्ले कोणते?

आकाशातले. मे २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘गोल्डन डोम’ या क्षेपणास्त्रविरोधी कवचाची घोषणा केली आणि खर्चाचा आकडा सांगितला १७५ अब्ज डॉलर. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०३५ पर्यंतचे ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर केले. तेही लाल किल्ल्यावरून. हॅरनहॉलला छप्पर कमी पडले होते, ते आता घालायचे आहे.

पण कवच हे निव्वळ बचावात्मक असते का, यावर जुना वाद आहे. एकाने तटबंदी पक्की केली की दुसऱ्याला वाटते, आता हा बिनधास्त हल्ला करील. म्हणूनच १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरच मर्यादा घालणारा करार केला होता. अमेरिका त्यातून २००२ मध्ये बाहेर पडली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्येही ड्रॅगन पाडणारे महाकाय बाण येतात. एका भागात त्यांनी ड्रॅगन पाडला आणि पुढच्याच भागात त्यांतला एकही नेमका लागला नाही. हे कसे, यावर चाहते अजून भांडतात. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांच्या चाचण्यांचा इतिहास वाचलेल्यांना त्यात फार आश्चर्य वाटू नये.

मथळ्यातला ‘ड्रॅगन’ हाच का?

आमच्याच धंद्यातली एक गोष्ट. मराठी बातम्यांत ‘ड्रॅगन’ म्हणजे चीन. ‘ड्रॅगनची कुरापत’, ‘ड्रॅगनला धक्का’ असे मथळे वाचकांना पाठ आहेत. शब्द आखूड आहे, मोबाइलच्या पडद्यावर बसतो. पण चीनमधला ‘लुंग’ हा बहुतेक वेळा बिनपंखी, नद्यांचा आणि पावसाचा देव, सम्राटाचे मंगलचिन्ह आहे. त्याला कोणी शूरवीर मारत नाही, त्याच्याकडे पाऊस मागतात. आपण मथळ्यात वापरतो तो सेंट जॉर्जच्या गोष्टीतला, मारून टाकण्याजोगा युरोपीय राक्षस. म्हणजे चीनकडे पाहताना डोळ्यांवरचा चष्मा इंग्लंडचा.

आणि खाली राहणारे लोक?

दोन्ही मालिकांत कॅमेरा बहुतेक वेळ किल्ल्याच्या आत किंवा ड्रॅगनच्या पाठीवर असतो. पहिल्या सीझनमध्ये राज्याभिषेकाला जमवलेल्या गर्दीतून, जमीन फोडून एक ड्रॅगन वर येतो. स्वार रॅनिस समोरच्या राजघराण्याला जाळत नाही, म्हणून तिच्या संयमाचे कौतुक होते. त्या फरशीसोबत जी माणसे उडाली, त्यांची कथेत कोणी मोजदाद करत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये मात्र चित्र बदलते. समुद्रावरची नाकेबंदी, महागलेले धान्य, रिकाम्या थाळ्या. अशात युद्धात मेलेल्या त्याच ड्रॅगनचे मुंडके विजयाची खूण म्हणून राजधानीतून मिरवले जाते. दरबाराला वाटते लोक जयजयकार करतील. लोक गप्प होतात, अपशकुन म्हणतात. ड्रॅगन म्हणजे देव, असे ते पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेले असतात. गाडीवर ठेवलेले ते मुंडके पाहिल्यावर गर्दीतल्या लोहाराला कळते की हे तर मांस आहे. मरू शकते.

‘फायर अँड ब्लड’ वाचलेल्यांना राजधानीतल्या या गर्दीचे पुढे काय होते ते माहीत आहे. न वाचलेल्यांसाठी इथेच थांबू.